सहा सामन्यांची आघाडी

अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात १४ सप्टेंबर १९९४ रोजी बड सेलिग नावाच्या गृहस्थांनी वार्ताहरांना बोलावले आणि जाहीर केले की, बेसबॉलचा उरलेला हंगाम रद्द झाला आहे आणि ऑक्टोबरात व्हायची वर्ल्ड सिरीजही यंदा होणार नाही. सेलिग हे बेसबॉलचे हंगामी आयुक्त. म्हणजे पंचांचे पंच. गंमत अशी की, हेच गृहस्थ मिलवॉकीच्या संघाचे मालकही होते. वादी आणि न्यायाधीश एकाच खुर्चीत बसल्यावर निकाल काय लागणार हे सांगायला ज्योतिषी नको.

वर्ल्ड सिरीज न होणे म्हणजे अमेरिकन माणसाला काय वाटले असेल, याची आपल्याला कल्पना करायची असेल तर असे समजा की भाद्रपद उजाडला आणि गणपती आलेच नाहीत. १९०४ साली एकदा ही मालिका झाली नव्हती, कारण न्यूयॉर्कच्या संघाने प्रतिस्पर्ध्याला आपल्या तोलामोलाचे मानायलाच नकार दिला होता. त्यानंतर दोन महायुद्धे झाली, मालिका झाली. १९२९ची महामंदी आली, मालिका झाली. १९८९ साली सान फ्रान्सिस्कोत भर मालिकेत भूकंप झाला, तेव्हा दहा दिवस थांबून उरलेले सामने खेळले गेले. युद्धाला आणि भूकंपाला जे जमले नाही ते एका संपाने केले. तो संप १२ ऑगस्ट १९९४ ते २ एप्रिल १९९५ असा २३२ दिवस चालला आणि त्यात ९४८ सामने वाया गेले.

'संप' हा शब्द माझ्या पिढीच्या मुंबईकराला काही साधा शब्द नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी परळ भागातल्या एका बँकेच्या शाखेत नवा नवा कारकून होतो. अडीच लाखांच्या आसपास माणसे घरी बसली होती. सात-दहा तारखेला काउंटरवर जी झुंबड उडायची ती थांबली, हे पहिल्यांदा लक्षात आले. मग लक्षात आले की पासबुके भरून देताना आपला हात एकाच रकान्यात चालतो आहे. नावे, नावे, नावे. जमेचा रकाना कोरा. दिवाळीनंतर बरीच पासबुके शाखेत यायचीच थांबली. तो संप रीतसर मागे घेतल्याचे कुणी कधी जाहीर केले नाही, तो नुसताच विरत गेला.

त्यामुळे बारा वर्षांनी, वर्षाला सरासरी बारा लाख डॉलर कमावणारे खेळाडू संपावर गेले ही बातमी वाचली तेव्हा मला हसू आले होते हे कबूल करतो. लखपती विरुद्ध अब्जाधीश, यात आपण कुणासाठी डोळे पुसायचे? अमेरिकेतल्या सामान्य प्रेक्षकाचीही हीच भावना होती. पण बँकेत पस्तीस-एक वर्षे घासल्यावर एक खोड लागते. कुणी ताळेबंद समोर ठेवला की शेवटच्या आकड्यावर समाधान होत नाही. मागची पाने उलटावीशी वाटतात. ती उलटली तेव्हा प्रकरण निराळेच निघाले.

बेसबॉलमध्ये जवळजवळ शंभर वर्षे एक कलम होते. खेळाडूच्या करारनाम्यातल्या या राखीव कलमाचा अर्थ असा की, कराराची मुदत संपली तरी खेळाडू त्याच संघाच्या ताब्यात. मालक त्याला ठेवील, विकील, दुसऱ्या संघाशी अदलाबदल करील किंवा घरी बसवील. खेळाडूने मात्र दुसऱ्या संघाचे दार ठोठवायचे नाही. वर १९२२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला की, बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायदा लागूच होत नाही. पोलाद, तेल, रेल्वे यांना जो कायदा लागू तो या धंद्याला नाही! आमच्याकडे नव्या अधिकाऱ्याकडून दोन-तीन वर्षांचा बाँड लिहून घेत, तेव्हा आम्ही युनियनच्या खोलीत केवढा आरडाओरडा करायचो. इथे बाँड तहहयात.

कर्ट फ्लड या सेंट लुईसच्या खेळाडूला १९६९ साली फिलाडेल्फियाला 'देऊन टाकले', तेव्हा तो वर्षाला ९० हजार डॉलर मिळवत होता. त्याने जायला नकार दिला. आपण म्हणजे काही विकायची जनावरे नव्हेत, अशा अर्थाचे पत्र त्याने आयुक्तांना लिहिले आणि तो कोर्टात गेला. खटल्याच्या वेळी तेव्हा खेळत असलेला एकही खेळाडू त्याच्या बाजूने साक्ष द्यायला उभा राहिला नाही. निवृत्त झालेला जॅकी रॉबिन्सन मात्र आला. हा गोऱ्यांच्या बेसबॉलमधला विसाव्या शतकातला पहिला काळा खेळाडू. १९७२ साली सर्वोच्च न्यायालयात फ्लड पाच विरुद्ध तीन मतांनी हरला. त्याची कारकीर्द संपली ती संपलीच. पण दार किलकिले झाले होते. पोलाद कामगारांच्या संघटनेत मुरलेला मार्व्हिन मिलर नावाचा माणूस १९६६ पासून खेळाडूंच्या संघटनेचे काम पाहत होता. त्याने वाद लवादापुढे नेण्याची तरतूद करारात घालून घेतली, आणि २३ डिसेंबर १९७५ रोजी लवादाने राखीव कलमाचा अर्थ असा लावला की, खेळाडू एक वर्ष करारावर सही न करता खेळला तर तो मोकळा. शंभर वर्षांची साखळी एका परिच्छेदाने तुटली. पगार जे चढत गेले ते तिथपासून.

मालकांना हे कधीच पचले नाही. १९८५ ते १९८७ या काळात त्यांनी आपसांत गुपचूप ठरवून मोकळ्या खेळाडूंना बोलीच लावली नाही. ते उघडकीस आले, आणि १९९० साली मालकांना २८ कोटी डॉलर भरपाई मोजावी लागली. १९९४ साली मालक जेव्हा म्हणाले, 'आम्ही तोट्यात आहोत, आमच्यावर विश्वास ठेवा', तेव्हा खेळाडू का हसले असतील ते या पार्श्वभूमीवर कळते. कर्जदाराने एकदा खोटे स्टॉक स्टेटमेंट दिलेले पकडले गेले की, पुढे तो खरे बोलला तरी आम्ही गोदामाचे कुलूप उघडून पोती मोजायचोच.

पण या वेळी मालक अगदीच खोटे बोलत नव्हते, आणि इथे मंदीचा प्रवेश होतो.

मंदी आणि बेसबॉल यांची ओळख जुनी आहे. १९३० साली मोठ्या संघांच्या सामन्यांना मिळून कोटीभर प्रेक्षक आले होते. १९३३ साली ते साठ लाखांच्या आसपास उरले. सेंट लुईसचा ब्राऊन्स हा संघ १९३५ च्या अख्ख्या हंगामात ८१ हजार तिकिटेही खपवू शकला नाही. बेब रूथ म्हणजे त्या खेळाचा ब्रॅडमन. त्याचा पगार १९३० साली ८० हजार डॉलर होता, तो उतरत उतरत १९३४ साली ३५ हजारांवर आला. फिलाडेल्फियात कॉनी मॅक या वृद्ध मालकाने जगातला सर्वोत्तम संघ बांधला होता. १९२९ आणि १९३० साली तो विजेता ठरला. मग तिकीटविक्री आटली, देणी डोक्यावर बसली आणि मॅकने एकेक हिरा विकायला काढला. १९३२ साली सिमन्स गेला, १९३३ साली ग्रोव्ह आणि कॉक्रन, १९३५ साली फॉक्स. घरातली भांडी एकेक करून मोडीत निघावीत तसे. आणि कुठे काही संप वगैरे नाही. संघटनाच नव्हती, तर संप कोण करणार? मालकाने सांगितले पगार कमी, की टोपी काढून 'बरं' म्हणायचे. त्या मंदीतून एक चांगली गोष्ट निघाली. दिवसा कामाच्या शोधात फिरणारा माणूस दुपारी खेळ बघायला येईना, म्हणून सिनसिनाटीच्या संघाने मैदानावर दिवे लावले आणि २४ मे १९३५ ला मोठ्या संघांचा पहिला रात्रीचा सामना झाला. दिव्यांचा खटका म्हणे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी व्हाइट हाऊसमधून दाबला.

१९९०-९१ची मंदी त्यामानाने लहान, पण ती वेगळ्या दाराने आत शिरली. आता पैसा तिकिटांपेक्षा दूरचित्रवाणीतून येत होता. सीबीएस या कंपनीने १९९० ते १९९३ या चार हंगामांच्या प्रक्षेपणहक्कांसाठी शंभर कोटींहून अधिक डॉलर मोजले होते. आणि नेमका त्याच वेळी जाहिरातींचा बाजार बसला. मोटारकंपन्यांनी हात आखडता घेतला, बिअरवाल्यांनी घेतला. सीबीएसचे या सौद्यात सुमारे ५० कोटी डॉलर बुडाले. करार संपल्यावर तसली रक्कम द्यायला कुणी पुढे येईना. १९९४ साठी मालकांना निश्चित रकमेचा करार मिळालाच नाही. दोन कंपन्यांबरोबर भागीदारी करायची आणि जाहिराती मिळतील त्यातला हिस्सा घ्यायचा, एवढेच पदरी पडले. प्रत्येक संघाचे या मार्गाने येणारे उत्पन्न निम्म्यावर आले.

त्यातही सगळे मालक सारखे नव्हते. न्यूयॉर्कच्या यांकीज संघाकडे स्थानिक वाहिनीचा बारा वर्षांचा, सुमारे ५० कोटी डॉलरचा स्वतंत्र करार होता. मिलवॉकी, पिट्सबर्ग, मॉन्ट्रियल यांच्याकडे असले काही नव्हते. खरे भांडण श्रीमंत मालक आणि गरीब मालक यांच्यातले. श्रीमंतांनी गरिबांना काही हिस्सा द्यावा हे तत्त्वतः ठरले, पण अट घातली गेली की आधी खेळाडूंच्या पगारांवर एकूण कमाल मर्यादा यावी. म्हणजे थोरल्या भावाने धाकट्याला मदत करायची, पण ती घरगड्याचा पगार कापून! खेळाडूंच्या संघटनेचे डोनाल्ड फेर यांनी साफ नकार दिला.

संप ऑगस्टमध्येच का, याचेही गणित आहे, आणि ते युनियनमध्ये काम केलेल्या कुणालाही आवडेल असे आहे. खेळाडूंचा पगार एप्रिल ते सप्टेंबर असा हप्त्याहप्त्याने मिळतो. ऑगस्टपर्यंत दोन तृतीयांश हाती पडलेला असतो. मालकांची मोठी कमाई मात्र ऑक्टोबरच्या अंतिम सामन्यांत. शिवाय करार न होता हंगाम संपला असता तर हिवाळ्यात मालक एकतर्फी मर्यादा लादणार हे उघड होते, आणि तेव्हा संप करून उपयोग काय? सुगी संपल्यावर मजुरांनी संप करण्यासारखेच ते. त्यात ऑगस्टच्या सुरुवातीला मालकांनी खेळाडूंच्या पेन्शन फंडात भरायचे ७८ लाख डॉलर अडवून धरले. पेन्शनला हात लावला की शांत माणूसही कसा उठतो हे आम्हा बँकवाल्यांना कुणी सांगायला नको.

आणि आता ज्यासाठी हा लेख लिहायला बसलो ती गोष्ट.

संप सुरू झाला त्या दिवशी साऱ्या बेसबॉलमध्ये सर्वात चांगली कामगिरी असलेला संघ होता कॅनडातला मॉन्ट्रियल एक्स्पोज. ७४ विजय, ४० पराभव. आपल्या गटात अटलांटाच्या बलाढ्य संघाच्या सहा सामने पुढे. आणि पगाराच्या यादीत हा संघ जवळजवळ तळाला होता. सगळ्यांचे पगार मिळून दोन कोटी डॉलरच्या आत. प्रशिक्षक फेलिपे आलू, डोमिनिकन प्रजासत्ताकातून आलेला शांत माणूस. त्याचा मुलगा मॉइसेस याच संघात फलंदाज. कॅनडाच्याच मातीतला लॅरी वॉकर, वाऱ्यासारखा धावणारा मार्किस ग्रिसम, शेवटच्या डावात चेंडू टाकायला येणारा जॉन वेटलँड, सोळा सामने जिंकून दिलेला केन हिल, आणि बावीस वर्षांचा एक किरकोळ बांध्याचा पोरगा, पेद्रो मार्टिनेझ, जो पुढे त्याच्या काळातला सर्वश्रेष्ठ गोलंदाज ठरला. हा संघ विकत घेतलेला नव्हता, घरी वाढवलेला होता. १९६९ साली जन्मलेल्या या संघाने कधी वर्ल्ड सिरीज पाहिली नव्हती. फ्रेंच बोलणारे मॉन्ट्रियलकर या संघाला 'नो-झामूर' म्हणत. आपल्या भाषेत 'आमचे लाडके'. पंचवीस वर्षे वाट पाहिली, आणि लाडके दारात येऊन उभे राहिले तोच दार बंद.

मॉन्ट्रियलचे आणखी एक दुखणे होते. ते मला क्रीडापानांपेक्षा परकीय चलन विभागातल्या दोन वर्षांमुळे चटकन कळले. संघाला तिकिटांचे, हॉटडॉगचे, स्थानिक वाहिनीचे पैसे मिळत ते कॅनडियन डॉलरमध्ये. खेळाडूंचे पगार द्यायचे ते अमेरिकन डॉलरमध्ये. १९९१ साली कॅनडियन डॉलरला अमेरिकन ८७ सेंट मिळत. १९९५ साली ७३च्या आसपास, आणि २००२ च्या जानेवारीत ६२. म्हणजे मैदान तेवढेच भरले, तिकीट तेवढेच राहिले, तरी दरवर्षी संघ आपोआप गरीब होत होता. जमा एका चलनात आणि देणे दुसऱ्या चलनात असलेला कर्जदार आला की आमचे साहेब चष्मा कपाळावर सरकवून त्याच्याकडे बराच वेळ बघत बसायचे. याच रोगाने आइस हॉकीतला क्वेबेक शहराचा संघ १९९५ साली उठून डेन्व्हरला गेला आणि विनिपेगचा १९९६ साली फिनिक्सला. आणि ज्या मैदानात एक्स्पोज खेळत ते १९७६च्या ऑलिंपिकसाठी बांधलेले अवाढव्य काँक्रीटचे भांडे. त्याचे कर्ज फिटले २००६ साली. तीस वर्षे! तोवर तिथला संघही राहिला नव्हता.

संपाचा हिवाळा विचित्र गेला. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी दोन्ही पक्षांना व्हाइट हाऊसमध्ये बोलावून पाहिले. काही झाले नाही. मालकांनी डिसेंबरात पगारमर्यादा एकतर्फी जाहीर केली आणि वसंतात 'बदली' खेळाडू घेऊन सराव सुरू केला. जे कधी मोठ्या संघापर्यंत पोचलेच नव्हते किंवा कधीच निवृत्त झाले होते असे लोक नामांकित संघांचे सदरे घालून उभे राहिले. (बदली हा शब्द गिरणगावाला वेगळ्या अर्थाने ठाऊक आहे. गिरणीतला बदली कामगार रोज सकाळी दाराशी उभा राही, कुणी गैरहजर असेल तर काम मिळे. संपात त्याचेही काम गेले.) डेट्रॉइटचे बुजुर्ग प्रशिक्षक स्पार्की अँडरसन यांनी असल्या संघाला शिकवायला नकार दिला आणि ते रजेवर गेले. बाल्टिमोरच्या मालकाने बदली संघ उतरवायचाच नाही असे ठरवले. तो मूळचा कामगारांची बाजू मांडणारा वकील. टोरांटोत तर ओंटारियो प्रांताचा कायदाच आड आला. बास्केटबॉल सोडून त्या वर्षी हौसेने दुय्यम संघात बेसबॉल खेळत असलेला मायकेल जॉर्डन म्हणाला, मी संपफोड्या होणार नाही. आणि मार्चमध्ये तो बास्केटबॉलला परत गेला. बेसबॉलच्या संपाने बास्केटबॉलचे केवढे भले केले!

शेवटी ३१ मार्च १९९५ रोजी न्यूयॉर्कच्या एका फेडरल न्यायाधीश बाईंनी मालकांच्या विरुद्ध मनाई हुकूम दिला आणि जुन्या कराराच्या अटींवर खेळ सुरू करायला लावले. त्या बाई तेव्हा चाळीस वर्षांच्या होत्या, यांकी स्टेडियमजवळच्याच ब्रॉन्क्स भागात वाढलेल्या. नाव सोनिया सोटोमायर. २००९ साली त्या अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या.

संप मिटला. पगारमर्यादा आली नाही. कागदावर खेळाडू जिंकले. पण १९९५चा हंगाम १६२ऐवजी १४४ सामन्यांचा झाला, आणि लोक आले नाहीत. सामन्यामागे प्रेक्षक वीस टक्क्यांनी घटले. न्यूयॉर्कला पहिल्याच सामन्यात तिघे जण कुंपण ओलांडून मैदानात घुसले आणि त्यांनी खेळाडूंच्या पायांशी एकेक डॉलरच्या नोटा भिरकावल्या. त्यांच्या सदऱ्यांवर एकच शब्द होता: हाव. बाल्टिमोरच्या कॅल रिपकेनने ६ सप्टेंबर १९९५ला सलग २,१३१ वा सामना खेळून छपन्न वर्षांचा विक्रम मोडला, तेव्हा कुठे लोकांना पुन्हा टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. एकही दिवस कामावर खाडा न करणारा माणूस संपानंतरच्या वर्षी देव ठरावा, यात नवल नाही. १९९८ साली मॅक्ग्वायर आणि सोसा यांच्या षटकारसदृश फटक्यांच्या शर्यतीने मैदाने पुन्हा भरली. त्यातले बळ औषधांचेही होते हे पुढे कळले. मॅक्ग्वायरने तसे २०१० साली कबूल केले. रिकाम्या खुर्च्या भरत होत्या तोवर कुणी बाटलीवरचे लेबल वाचले नाही.

मॉन्ट्रियलच्या खुर्च्या मात्र भरल्या नाहीत. संप मिटून आठवडा लोटायच्या आत मालकमंडळाने दुकान मोडले. ५ एप्रिलला हिल आणि वेटलँड गेले, ६ एप्रिलला ग्रिसम, ८ एप्रिलला वॉकर. आणि वॉकरच्या बदल्यात संघाला छदामही मिळाला नाही. चार दिवसांत चार खांब. ग्रिसम कुठे गेला? अटलांटाला. ज्या संघाच्या सहा सामने पुढे हे लोक होते, त्याच संघाला. आणि १९९५च्या ऑक्टोबरात अटलांटाने वर्ल्ड सिरीज जिंकली, तेव्हा शेवटचा झेल ज्याच्या हातात विसावला तो मार्किस ग्रिसमच होता. वेटलँड १९९६ साली न्यूयॉर्ककडून वर्ल्ड सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. वॉकर १९९७ साली कोलोराडोकडून आपल्या लीगमधला. मार्टिनेझला १९९७ च्या अखेरीला बोस्टनला दिले. मॉन्ट्रियलचा संघ १९९५ साली आपल्या गटात शेवटचा आला.

मालक म्हणत, पैसा नाही. असेल. पण कॉनी मॅकने दुकान मोडले तेव्हा देशात चौघांतला एक माणूस बेकार होता. इथे हंगाम मधोमध मोडून, ऑक्टोबरची कमाई स्वतःच्या हाताने पाण्यात घालून, मग तोटा झाला म्हणून माल विकायला काढला. अशा कर्जप्रकरणावर मी 'परिस्थितीमुळे आजारी उद्योग' असा शेरा मारला नसता.

याउलट पिट्सबर्गच्या हॉकी संघाची गोष्ट पाहा. १९९८ साली तो दिवाळखोरीत गेला. निवृत्त झालेला महान खेळाडू मारिओ लेम्यू याचे तीन कोटींहून अधिक डॉलर त्या संघाकडे थकलेले होते. सर्वात मोठा धनको तोच. बुडाले म्हणून हात झटकण्याऐवजी त्याने थकबाकीतला मोठा हिस्सा भांडवलात बदलून घेतला आणि १९९९ साली तो संघाचा मालक झाला. संघ गावातच राहिला. उमेदीच्या काळात मला असा एक ऋणको-धनको भेटता तर! पण हॉकीही शहाणी झाली असे नव्हे. २००४-०५ साली मालकांनी टाळे ठोकले आणि १,२३० सामन्यांचा अख्खा हंगाम गेला.

एक्स्पोज पुढे दहा वर्षे जगले, म्हणजे श्वास चालू होता. २००१च्या अख्ख्या हंगामात साडेसहा लाख प्रेक्षकही आले नाहीत. २००२ साली बाकीच्या २९ मालकांनी मिळून हा संघ विकत घेतला. बाजारातल्या सगळ्या दुकानदारांनी मिळून एका दुकानाचे कुलूप ताब्यात घ्यावे तसे. मग त्याचे काही 'घरचे' सामने दूर प्वेर्तो रिकोत खेळवले. मॉन्ट्रियलमधला अखेरचा सामना २९ सप्टेंबर २००४ ला झाला, एकतीस हजार लोक आले. संघाचा शेवटचा सामना त्यानंतर चार दिवसांनी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये झाला. १९६९ च्या एप्रिलमध्ये पहिला सामनाही तिथेच झाला होता. पुढच्या वर्षी संघ वॉशिंग्टनला गेला, नाव बदलले, आणि २०१९ साली त्या नव्या नावाने वर्ल्ड सिरीज जिंकला.

२०१४ च्या मार्चमध्ये टोरांटोच्या संघाने सरावाचे दोन सामने त्या काँक्रीटच्या भांड्यात खेळवले. दोन दिवसांत ९६ हजार माणसे आली. सामन्यांना काडीची किंमत नव्हती.

माझी भाची मॉन्ट्रियलला असते. २०१८ च्या उन्हाळ्यात आम्ही दोघे नवरा-बायको तिच्याकडे महिनाभर होतो. शेजारी एक निवृत्त पोस्टमन राहत, सत्तरीच्या पुढचे. डोक्यावर कायम तीन रंगांची टोपी. लाल, पांढरी, निळी. माझे फ्रेंच शून्य, त्यांचे इंग्रजी माझ्या फ्रेंचपेक्षा थोडे बरे. मी बँकेत होतो आणि मला क्रिकेट कळते एवढ्या भांडवलावर आमची मैत्री जमली. एकदा ते मला आत घेऊन गेले. स्वयंपाकघरात फ्रिजच्या बाजूला चुंबकाने लावलेले १९९४च्या हंगामाचे छापील वेळापत्रक होते, कडा पिवळ्या पडलेल्या. प्रत्येक तारखेपुढे त्यांनी बारीक पेन्सिलीने गुण लिहिले होते, जिंकले तिथे बरोबरची खूण, हरले तिथे आडवी रेघ. एप्रिल, मे, जून, जुलै. ११ ऑगस्टपर्यंत एकही ओळ सुटलेली नव्हती. त्याखालच्या तारखा नुसत्या छापलेल्या होत्या.

पेन्सिल तिथेच होती, दोऱ्याने बांधून लटकवलेली.